जमनाच्या जीपचं माप

जमना गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. चौथीची मुलं फळ्यावरची गणितं उतरवून घेत होती. "बाई, आई सकाळी गेली," एवढंच नितीन म्हणाला. नितीन तिचा मुलगा. मी खडू खाली ठेवला, आणि पहिला विचार आला तो असा, की आता वरच्या पाड्यांवर जीप कोण चढवणार... माणूस गेल्याच्या क्षणी असं मनात यावं, हे दुसऱ्या कुणाला खटकलं असतं. जमनाला नाही. उलट ती म्हणाली असती, "बरोबर आहे बाई, आधी त्याचं बघ."

जमना डहाणूच्या किनाऱ्यावरची. घर मासेमारीचं. नवरा बोटीवर जायचा, ती अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळवायची, आणि दोघं मिळून ते सुके बोंबील, मांदेली, सुकट सायवनच्या बाजारात आणि त्याच्याही वरच्या पाड्यांवर आणून विकायची. त्यासाठी नवऱ्याने जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली होती. मी तिकडचीच, सायवनपलीकडच्या पाड्यावरची. आमच्या घरी भात आणि नागली पिकते, आणि पावसाळाभर भाकरीबरोबर जे असतं ते जमनाच्या गोणीतलं. मी शाळेत शिकवते म्हणून ती मला 'बाई' म्हणायची, पण बोलायची एकेरीत. "बाई, तू वजन बघू नको, मासळी बघ," ही आमची पहिली ओळख.

नवरा आजारपणात गेला आणि सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला, जीप विकून टाक. बाईमाणूस, त्यात घाटाचा रस्ता. जमनाने सगळ्यांचं ऐकून घेतलं, वर्षश्राद्धापर्यंत एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून गाडी शिकली आणि स्वतः चालवत सायवनच्या बाजारात आली. त्या दिवशी बाजारात कुणी भाव केला नाही, सगळे नुसते बघत राहिले. तिला काय पर्याय होता? पावसात समुद्र बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. तेव्हा घर चालायचं ते या सुक्या मासळीवर, आणि ती खपायची आमच्या डोंगरात. टेम्पोवाले पाऊस लागला की पाड्यांवर यायला नाही म्हणायचे. जीप गेली असती तर तिचा अर्धा बाजार गेला असता.

मग टायर गुळगुळीत झाले. जमनाचं म्हणणं होतं, गाडी जितकी उंच तितकी बरी, दगड खालून लागत नाहीत. नितीनने वापीहून कुठल्यातरी मोठ्या गाडीचे रुंद, धिप्पाड टायर रिमसकट आणले. जीप अशी काही दिसायला लागली, की आशागडला चहाला थांबली तर पोरं फोटो काढायची. जमनाही खूश होती. सरळ डांबरी रस्त्यावर सगळं ठीक होतं. फक्त स्टेअरिंग जड झालं होतं आणि चढावर गाडी धापा टाकायची. पूर्ण वळवताना चाक कुठेतरी घासतंय असा आवाज यायचा. "नवीन आहेत, बसतील जागेवर," असं ती म्हणायची.

आमच्या पाड्याच्या खाली एक वळण आहे. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. त्या पावसाळ्यात मी बाजारातून तिच्याबरोबर घरी येत होते. वळणावर तिने स्टेअरिंग फिरवलं आणि ते अर्ध्यातच अडलं. पुढचं चाक मडगार्डला जाऊन टेकलं होतं. तिने ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. रुंद टायर चिखलावरून साबणावरून घसरावेत तसे घसरले आणि आम्ही गोण्यांसकट खाचरात... जीप आडवी झाली नाही, तिरकी होऊन बांधाला टेकली म्हणून आम्ही वाचलो. माझं कपाळ फुटलं होतं. जमना गुडघाभर चिखलात उभी होती, पाण्यावर तिची मांदेली तरंगत होती, आणि ती मासळी गोळा करायचं सोडून वाकून चाकाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी नितीन वैतागून म्हणाला, "आई, आता पुरे. गाडी काढून टाक. जिवावर बेतलं होतं."

"गाडीने काय केलं? माप चुकलं," जमना म्हणाली. "माझ्या हौसेने चुकलं. ते बदलते. गाडी नाही काढणार."

कपाळाला पट्टी लावून मीच तिच्याबरोबर तलासरीला गेले. हायवेला लागून टायरची दुकानं आहेत, त्यातल्या एका गुजराती भाईंकडे. माणूस जाणता आणि शांत. त्यांनी टायर दाखवायच्या आधी विचारलं, "बेन, गाडी फिरते कुठे? वजन किती टाकता?" जमनाने सगळं सांगितलं: गोण्या, घाट, दगड, पावसातला चिखल. भाई म्हणाले, "तुमच्या वाटेला वर चिखल आणि खाली मुरूम. रुंद टायर चिखलावर तरंगतं. अरुंद असेल तर चिखल कापून मुरमाला टेकतं. आणि फार उंच चाक लावलं तर इंजिनाला पण जोर पडतो, ब्रेकला पण." मग त्यांनी टायरवरचे आकडे वाचायला शिकवले. या जुन्या जीपच्या टायरवर पहिला आकडा रुंदीचा, दुसरा आतल्या रिमचा, दोन्ही इंचात. कंपनीचं मूळ माप सहा-सोळा. त्याहून मोठं साडेसहा-सोळा, आणि आणखी मोठं सात-सोळा.

दगडांसाठी उंची हवी म्हणून भाईंनी सात-सोळा काढलं. जमना म्हणाली, "आधी पुढे एकच लावा. मला बघायचंय." लावलं. तिने स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. कुठे घासलं नाही. भाई हसले. पण जमनाचं समाधान होईना. तिने ते चाक दगडावर चढल्यासारखं लाकडाच्या ओंडक्यावर चढवायला लावलं, मागे शेजारच्या दुकानातल्या सिमेंटच्या गोण्या ठेवायला लावल्या, वर मला बसवलं आणि पुन्हा शेवटपर्यंत वळवलं. खर्रकन आवाज झाला.

"पण रोज कुठे एवढं वळवता, बेन?" भाई म्हणाले.

"रोज नाही. पण ज्या दिवशी वळवायचं, त्या दिवशी वळलं पाहिजे ना?" ती स्टूल ओढून बसली. "साडेसहा लावून बघा. मी थांबते."

दुपार उलटून गेली. दुकानातले लोक कंटाळले, मीही कंटाळले. साडेसहा-सोळा लावलं, पुन्हा ओंडका, पुन्हा गोण्या, पुन्हा मी. जमनाने मडगार्ड आणि टायर यांच्या मधे हात घातला. हात आडवा मावला. "हे द्या," ती म्हणाली.

त्याच पावसाळ्यात आमच्या शाळेच्या तांदळाचा टेम्पो त्या वळणाच्या खालून परत गेला. शाळेत दोन वेळच्या खिचडीपुरताही दाणा उरला नव्हता. मी जमनाला फोन केला. तिने मासळी बाजारात बहिणीकडे सोपवली, तांदूळ भरला आणि वर निघाली. वळणावर आम्ही सगळे शिक्षक उभे होतो. जीप हळूहळू आली. टायर चिखलात रुतले, आणि रुतून पकडत पुढे आले. तिने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, चाकं पूर्ण फिरली. माझ्याजवळ येऊन तिने काच खाली केली. "तोंड काय बघतेस बाई? पाणी ठेव चुलीवर!"

गेल्या काही महिन्यांत तिचा श्वास पुरेना. शेवटचं भेटले तेव्हा ती खाटेवर उशांना टेकून बसली होती. अंगणात सून हेतल जीप मागेपुढे करत होती. हेतल उंबरगावकडची, घरात गुजराती बोलत वाढलेली, फार कमी बोलणारी. इंजिन बंद पडलं की जमना खिडकीतून ओरडायची, मग खोकायची, मग पुन्हा ओरडायची. "तू आराम कर ना," मी म्हणाले. "ती शिकू दे, मग आरामच आहे," ती म्हणाली.

परवा मी डहाणूला भेटायला गेले. दिवसकार्य होऊन काही आठवडे झाले होते. अंगणात जीप नव्हती. मासळीच्या खोलीचं दार उघडं होतं. एरवी गोण्यांनी छतापर्यंत भरलेली ती खोली निम्मी रिकामी, वास तेवढा तसाच होता... मला वाटलं, विकली शेवटी. नितीन चहा घेऊन बाहेर आला. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "बाई, तुम्ही इकडे कशा? हेतल सायवनला गेलीय. बाजार आहे ना आज."

मी सांत्वन करायला एवढ्या लांब आले होते आणि जिचं करायचं ती माझ्याच बाजारात बसली होती. तेवढ्यात तिचाच फोन आला. मागे बाजाराचा गलका होता, कुणीतरी भाव करत होतं. हेतल घाईत होती.

"बाई, दिसला नाहीत. तुमची मांदेली बाजूला काढलीय. इथे थांबू की वर पाड्यावर घेऊन येऊ?"

"वर ये. मी इथून निघतेच," मी म्हणाले.