बाहीआडचं गोंदण

"आज कोन्या गावच्या गाड्या आल्या, भाऊ?"

सकाळी कापसाच्या जिनिंगचं फाटक उघडलं की काट्यावर पहिला प्रश्न तिचा हा यायचा. उत्तर मिळेपर्यंत ती एका जागी उभी राहत नसे. काट्याच्या या बाजूला यायची, त्या बाजूला जायची, शर्टाच्या बाहीचं बटण काढायची, पुन्हा लावायची. नांदुऱ्याकडच्या गाड्या आहेत म्हटलं की तिचे खांदे सैल पडायचे. धामणगाव बढ्याकडच्या आहेत म्हटलं की ती घाबरली की तिला आनंद झाला, हे मला कधी ओळखता आलं नाही. 'बरं' म्हणून ती कापसाच्या गंजीमागे निघून जायची आणि त्या गाड्या रिकाम्या होऊन परत जाईस्तोवर दिसायची नाही.

मी तेव्हा मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये काटेवाला होतो. गाड्यांतून आलेला कापूस तोलायचा, एवढंच माझं काम. आमचा जिल्हा महाराष्ट्रात येऊन थोडीच वर्षं झाली होती. म्हातारी माणसं अजून राजधानी म्हटलं की नागपूरचंच नाव घेत. गाड्यांचं विचारणाऱ्या त्या बाईचं नाव मी इथे लिहीत नाही. आईबापांनी ठेवलेलं पुरुषाचं नाव तिने स्वतःच टाकून दिलं होतं, आणि दुसरं कुठलं तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

आली तेव्हा ती हमाल म्हणून आली. धोतर, लांब बाह्यांचा शर्ट, आणि डोक्यावरून हनुवटीखाली गुंडाळलेलं उपरणं. तुम्ही चालू जिनिंग आतून पाहिली असेल तर तिथला उकाडा तुम्हाला सांगायला नको. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांचा खडखडाट, हवेत उडणारा कापूस, घामावर चिकटलेली रुई. सगळे हमाल उघडे होऊन काम करायचे. हिच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. कुणी विचारलं तर म्हणायची, "मले रुई चावते." रुई चावते असं म्हणणारा हमाल मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि ती बसायची नाही. दुपारी सगळे भाकरी सोडून बसले की ही उभ्याने खायची. एक घास घेऊन फाटकापर्यंत चालत जायची, बाहेर पाहून परत यायची, दुसरा घास घ्यायची. "बस ना बे," हमाल म्हणायचे. "मले बसवत नाही," एवढंच तिचं उत्तर.

एके दिवशी बोजा घेऊन रेच्यांच्या कडेने जाताना तिची बाही फिरत्या पट्ट्यात गेली.

शेजारच्या हमालाने तिला कमरेला धरून मागे ओढलं म्हणून हात वाचला. बाही खांद्यापासून फाटून पट्ट्याबरोबर वर गेली, उपरणंही सुटून पडलं. मिस्त्रीने यंत्र थांबवलं. एकदम शांत झालं आणि सगळ्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. मनगटापासून कोपरापर्यंत तुळशीवृंदावन, लक्ष्मीची पावलं, विंचू, दोन्ही कडांना ठिपक्यांच्या ओळी, हिरव्यागार. गोंदवून तर पुरुषही घेत. दंडावर मारुती, मनगटावर नाव. पण हे लग्नाआधी मुलीच्या हातावर काढतात ते गोंदण होतं. हनुवटीवरही तीन ठिपके होते आणि त्यांच्याभोवतीची कातडी भाजल्यासारखी पांढरी पडली होती.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मुकादमाने तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या ओळीतून सुभद्राबाई उठून आली. कापसातली कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, निवडणाऱ्या बायकांत ती सर्वांत वडील होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. "हात शाबूत आहे का, ते पाहा ना अगुदर," म्हणाली आणि हात उलटसुलट करून पाहू लागली. कुठं लागलं, दुखते का, असं विचारलं.

"मी बरी आहे," ती म्हणाली.

'बरा' नाही, 'बरी'. एवढ्या माणसांसमोर ती स्वतःबद्दल असं पहिल्यांदाच बोलली असावी, कारण बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली.

पुढच्या आठवड्यात ती लुगडं नेसून आली, दोन्ही हात उघडे. मुकादमाची पंचाईत झाली. पुरुषांत उभं करावं तर काम थांबवून सगळे तिच्याकडे बघत बसतात, बायकांत बसवावं तर बायका काय म्हणतील? सरळ काढूनच टाकावं असं त्याच्या मनात होतं. तो सुभद्राबाईला म्हणाला, की तुमच्याजवळ हे बसलेलं तुम्हाला चालणार नाही, तेव्हा तुम्हीच तसं मालकांना सांगा. सुभद्राबाईच्या वस्तीने थोड्या वर्षांपूर्वीच बौद्ध धर्म घेतला होता. ती निवडायचं न थांबवता म्हणाली, "कोनाजवळ कोनं बसावं, हे लोकायनं आम्हाले लय वर्सं सांगतलं. आता आम्ही नाही सांगत कोनाले." मग तिच्याकडे वळून म्हणाली, "ये व. इथं बस."

बायकांची मजुरी पुरुषांहून कमी होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. आणि गंमत पाहा, ज्या जागेसाठी तिने एवढं केलं होतं, तिथेही तिला बसवेना. चार बोंडं निवडली की उठायची, सगळ्यांना पाणी आणायची, फाटकाकडे पाहून यायची. बायका चिडवायच्या, "हिच्या पायाले विंचू चावला काय?" ती हाताकडे बोट करून म्हणायची, "पायाले नाही, हाताले."

तिची हकीकत मला तुकड्या-तुकड्यांनी कळली, तीही चालता चालता. धामणगावजवळच्या एका खेड्यात घर, बऱ्यापैकी शेती. गावच्या दंडारीच्या नाचगाण्यात ती लहानपणापासून बाईचं सोंग घ्यायची. गावाला तिचं कौतुक होतं, घरच्यांनाही. सोंग उतरलं की पोरगा पुन्हा वखरामागे जातो, मग कुणाचं काय बिघडतं? पण एका जत्रेत गोंदणारी बाई बसली होती आणि ही तिच्यापुढे जाऊन बसली. त्या बाईने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, 'माय, पक्कं का?' हिने मान हलवली. मग बाईने काही न विचारता सुया लावल्या.

"लुगडं सोडता येते, भाऊ. भांग मोडता येते," ती मला म्हणाली होती. "दर खेपेस घरचे म्हनत, जाय, धुऊन ये. म्हनलं, आता हे कोन धुईन?"

धुवायचा प्रयत्न झालाच. थोरल्या भावाने चुना आणि कपड्याचा सोडा कालवून तिच्या हनुवटीवर बांधला. कातडी गेली, ठिपके राहिले. हाताला लावायच्या आधी ती घरातून निघाली. निघाली तीही मलकापूरपर्यंतच, जिथे गावच्या कापसाच्या गाड्या हटकून येणार. पळायचंच होतं तर अकोला होतं, नागपूर होतं. हे मी एकदा तिला विचारलं. ती पाण्याची बादली घेऊन निघून गेली.

फाल्गुनाच्या तोंडावर धामणगावकडच्या गाड्यांत तिचा थोरला भाऊ आला. उंच, अबोल माणूस. कापूस तोलून झाल्यावर तो माझ्याजवळ घुटमळत राहिला आणि मग खाली पाहून म्हणाला, "आमचा एक मानूस इथं आहे म्हनते."

मी तिला बोलवायला गेलो, तर ती गंजीमागे नव्हतीच. त्या दिवशी गाड्या कुठल्या हे विचारायला ती विसरली होती. बायकांच्या ओळीत, उघड्या हातांनी, भावाच्या अगदी समोर ती उभी होती. मग भावाने सांगितलं, की धाकटीचं लग्न ठरलंय. आईने अंथरूण धरल्यागत केलंय; ती म्हणते, मोठा पोरगा, छोटा पोरगा दोघं मांडवात दिसल्याशिवाय मी हळद लागू देणार नाही. सोयरे बुलढाण्याकडचे, त्यांना काही माहीत नाही. तेव्हा शर्ट घालून यायचं, बाह्या खाली, आणि तोंड बांधून. दाढ दुखते म्हणून सांगू.

पुढचे दिवस तिने सगळ्या जिनिंगला वीट आणला. सकाळी म्हणायची जाते, दुपारी म्हणायची नाही जात. सुभद्राबाईला विचारायची, मला विचारायची, यंत्राच्या मिस्त्रीलाही विचारायची. अखेर सुभद्राबाई तिला म्हणाली, की शर्ट घालून गेलीस तर कातडी काही बदलत नाही. तुले मायले पाहावंसं वाटते का, तेवढंच सांग. त्यावर तिने विचारणं सोडलं आणि शर्ट धुवायला काढला. भावाने मलाही बोलावलं होतं. ओळखीचं माणूस बरोबर असलं म्हणजे ती नीट वागेल, असा त्याचा हिशेब असावा.

लग्नाच्या दिवशी धोतर-शर्टातली ती मला अनोळखी वाटली. मांडवात शिरल्यापासून तिने कामाला जुंपून घेतलं. पाणी भर, पत्रावळ्या मांड, बैलांना चारा टाक. दुखऱ्या दाढेची बातमी वऱ्हाडभर पसरली होती. आमच्याकडे लग्नात आजारी माणूस सापडला की सगळ्या सोयऱ्यांना आधी त्याला बरं करायचं असतं. एकाने लवंग आणून दिली, दुसऱ्याने तंबाखू, तिसऱ्याने कसलीशी मुळी. तिने सगळं निमूट तोंडात धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सोयरे एकमेकांना सांगत होते, पाहा, दाढ खरीच दुखते बिचाऱ्याची.

घरात कासार बायकांना चुडा भरत होता. मी ओसरीवर होतो, दारातून आतलं दिसत होतं. आई सगळ्यांत शेवटी बसली. तिचा हात भरून झाला तेव्हा ही पाण्याची घागर घेऊन आत आली. आईने तिला उजव्या मनगटाला धरून खाली बसवलं, बाहीचं बटण काढलं, बाही वर सारली. गोंदणावरून एकदा अंगठा फिरवला. मग कासाराला म्हणाली, "हा हात राह्यला."

कासार म्हाताऱ्या आईकडे बघतच राहिला. कोपऱ्यातली नवरी, हिची धाकटी बहीण, एकदम पांढरी पडली. बहिणीचा चेहरा पाहून ही हात सोडवू लागली, पण आईने सोडला नाही. हिरव्या बांगड्या एकेक करून चढल्या. मग आईनेच बाही खाली ओढली, बटण लावलं आणि म्हणाली, "जाय. पंगत बसली."

त्या पंगतीत मी तिला पाहिलं ते विसरणं शक्य नाही. जी बाई क्षणभर स्थिर राहत नसे, ती उजवा हात अंगाला चिकटवून, श्वास धरल्यासारखी, डाव्या हाताने बुंदी वाढत होती. डाव्या हाताने वाढतो म्हणून एकाने हटकलं. तिने बुंदी उजव्या हातात घेतली. नवरदेवाच्या आज्याच्या पत्रावळीवर वाकली आणि बाहीत बांगड्या किणकिणल्या.

भाऊ पलीकडे वरण वाढत होता. त्याची पळी तशीच हवेत थांबली. आज्याने मान वर केली. डोळे बारीक करून त्याने बाहीकडे पाहिलं, मग उपरणं बांधलेल्या तोंडाकडे.

"बुंदी आनखी वाढ व, माय," तो म्हणाला आणि भात कालवू लागला.

त्याला सगळं कळलं होतं की म्हाताऱ्याला दिसत कमी होतं आणि त्याने फक्त आवाज ऐकला, कोण जाणे. दोन्ही बाजूंच्या माणसांनी बाईलाच लावतात ते 'व' ऐकलं, पण म्हाताऱ्यावर बोलायची कुणाची छाती झाली नाही. तिने बुंदी वाढली. इतकी, की ती पत्रावळीबाहेर सांडली.

लग्न नीट पार पडलं. बहीण नांदायला गेली आणि नांदली. भाऊ आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही, आई आली. एसटीची वाट पाहताना आईसमोरच तिने उपरणं सोडलं आणि बाह्या दुमडून खांद्यापर्यंत नेल्या. थांब्यावरची माणसं पाहायला लागली. मी अवघडलो. ती म्हणाली, "पाहू द्या, भाऊ."

त्यानंतर तिने मला गाड्यांचं कधी विचारलं नाही. मला वाटलं, आता ही बायकांत स्वस्थ बसेल. सीझन संपत आला तेव्हा ती काट्यावर आली आणि म्हणाली, "जाऊन राह्यली मी." मी विचारलं, कुणी काही बोललं का? ती म्हणाली, नाही, आता कोणी काहीच बोलत नाही.

"मग काऊन जातेस?"

"इथं मी गावच्या भेवानं बसली होती, अन् गावच्या आशेनंही," ती म्हणाली. "आता दोन्ही नाही. मले पाहू द्या, आपल्या मनानं मी कुठवर जाते ते."

दाबलेल्या रुईच्या गठाणींचा ट्रक निघत होता. ड्रायव्हर का-कू करत होता, बायकांनी त्याला दम भरला. ती लुगड्याचा काष्टा खोचून वर चढली, गठाणींच्या माथ्यावर समोर तोंड करून बसली आणि बायका खालून ओरडत असताना एकदाही मागे वळली नाही. ट्रकने रेल्वेचं फाटक ओलांडलं आणि फाटक पडलं. मालगाडी आली, लांबच लांब. ती जाईपर्यंत आम्ही उगाच उभे राहिलो.

पुढे कुणी म्हणालं, हिवरा आश्रमाकडे स्वयंपाकाला दिसली; कुणी म्हणालं, वर्ध्याला. खरं काय ते मला कळलं नाही. सुभद्राबाई ती गेल्यावरही कितीतरी वर्षं कवडी निवडत होती. काम संपवून घरी जाताना ती काट्यापाशी थांबायची, पदराने तोंडावरची रुई पुसायची आणि मला विचारायची, "पोचली असन का हो?"

कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी म्हणायचो, "असन."