उलटी मुहूर्तमेढ

मागच्या अंगणात जाईच्या वेलासाठी लाकडी मांडव उभा केला. खांब, पट्ट्या, स्क्रू सगळं एका खोक्यातून सुटं आलेलं. मी पहिला खांब रोवला आणि सूचनांचा कागद वाचायला चष्मा आणायला आत गेलो. परत येतो तर बायकोने खांबाला हळदकुंकू लावून आंब्याची डहाळी बांधलेली.

"अगं, हे काय?"

"मांडव घालायचा म्हणजे मुहूर्तमेढ नको?"

मग कागद वाचला. खांब उलटा रोवला होता. पट्टी बसवायची खाच वर हवी, ती खाली जमिनीलगत गेली होती. मी उपटायला वाकलो.

"अहो, पुजलेली मेढ कुणी उपटतं का?"

मी असलं काही मानत नाही; पण हात धजेना. शेवटी त्या कोपऱ्यात पट्टी सुतळीने बांधली. मांडव तिथे जरा कललाय. घरात अशा कितीतरी गोष्टी चुकूनच बसतात. एकदा कुंकू लागलं की त्या आपल्या होतात. आमचं लग्नही काही फार पारखून झालेलं नव्हतं.

आज सकाळी चहा घेऊन दोघं अंगणात गेलो. सरळ खांब सोडून जाईचा कोवळा शेंडा त्या खालच्या खाचेत शिरला होता आणि तिथूनच वर निघाला होता.