तीन सेकंदांसाठी एक पिस्तूल

लातूरच्या ट्यूशन एरियात मुलींच्या एका होस्टेलवर सबिहा रेक्टर होती. दोनशे मुली, सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. सबिहाला एका जागी बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. जेवायची तीसुद्धा उभ्यानं, मेसच्या दाराशी. मुली म्हणायच्या, मॅडमच्या पायाला चाकं हायत.

खरं कारण फार थोड्या लोकांना ठाऊक होतं. त्र्याण्णव सालच्या भूकंपात सबिहा पंधरा वर्षांची होती आणि औसा तालुक्यात बेगमबी फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, राहायला गेली होती. उकाडा होतो म्हणून ती अंगणात झोपली आणि वाचली. फुफी आत होती. तेव्हापासून सबिहाच्या तळपायांना जमीन कळायची. रस्त्यानं उसाचा ट्रक गेला, वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला, की ती बोलता बोलता थांबायची, दाराकडे बघायची आणि मग पुन्हा बोलायला लागायची.

नेमबाजी तिच्याकडे आली ती मुलींमुळे. खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून काही पालकांनी मुलींना धोंडप्पा हवालदारांच्या शेडमध्ये घातलं होतं. धोंडप्पा निलंग्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एअर पिस्तुलाची रेंज चालवली होती. सबिहा मुलींना न्यायची, आणायची. एक दिवस धोंडप्पा म्हणाले, "सारखं फिरून फिरून माझी जमीन झिजवून राहिलात मॅडम. त्यापेक्षा हे धरा की."

बारावी जवळ आली तशा मुली गळाल्या. सबिहा राहिली. हात तिचा चांगला होता, पण शेडमधल्या दहा मीटरच्या रेंजवर वेळ फार मिळतो. नेम धरून उभं राहिलं की तिचे पाय जमिनीचं ऐकायला लागायचे आणि गोळी बाहेर जायची. मग धोंडप्पांनी तिला नांदेडजवळच्या एका क्लबच्या पंचवीस मीटरच्या रेंजवर नेलं. तिथं दुसऱ्या टप्प्यात टार्गेट फक्त तीन सेकंद समोर वळतं. तेवढ्यात खाली असलेला हात उचलायचा, एक गोळी मारायची. सात सेकंद थांबायचं, पुन्हा तीन सेकंद. अशा पाच.

पहिल्याच पाचात तिच्या चार गोळ्या काळ्या वर्तुळात बसल्या.

"तीन सेकंदात काही ऐकूच येत न्हाई सर," ती म्हणाली.

पण क्लबचं पॉइंट टू टूचं, म्हणजे बारीक गोळीचं, पिस्तूल एकच आणि मारणारे आठजण. दर रविवारी एस.टी.नं साडेतीन तास जायचं, पंधरा मिनिटं मारायचं आणि परत यायचं. स्वतःचं पिस्तूल हवं होतं, प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप चढवणारं. तिनं परवान्याचा अर्ज केला आणि परवाना यायच्या आधीच पिस्तूल शोधायला लागली.

परदेशी नवं पिस्तूल तिच्या आवाक्यातलं नव्हतं. ती धोंडप्पांबरोबर हैदराबादला गेली. तिथल्या एका दुकानदारानं आधी तिच्यासमोर मोठ्या गोळीचं देशी पिस्तूल ठेवलं. "हे घ्या. घरात ठेवायलाही कामी येईल."

"मला कागद फोडायचाय," सबिहा म्हणाली, "माणूस न्हाई."

मग त्यानं एक जुनं पॉइंट टू टू काढलं. चकचकीत, परवडणारं. परवाना आला की दुसऱ्या दिवशी घेऊन जा, म्हणाला. त्याच्या ओळखीच्या रेंजवर तिनं ते चालवून बघितलं. दोन गोळ्या नीट सुटल्या, तिसरी अडकली. पुन्हा भरलं, पुन्हा तिसरी अडकली.

"तेल दिलं की सुटंल," दुकानदार म्हणाला.

धोंडप्पा म्हणाले, "बिदरला माझ्या ओळखीच्या एक बाई हायत. शरणम्मा. पोलिसांच्या संघातून खेळायच्या, आता खांदा गेलाय. त्यांचं एकदा बघू. कर्नाटकातून कागद यायला वेळ लागंल, पण बघू."

"किती वेळ?"

"आता सरकारी काम. सहा महिने, आठ महिने."

"तोवर राज्य स्पर्धा होऊन जाईल! मी हेच घेते."

धोंडप्पांनी समजावून बघितलं. ती चिडली, त्यांना सोडून एकटीच बस धरून निघाली आणि लातूरऐवजी उदगीरला अब्बांकडे उतरली.

नासिरमियाँचं कुलूप-दुरुस्तीचं दुकान होतं. लेकीनं बंदूक घ्यावी हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. परवान्याच्या चौकशीला पोलीस दुकानावर येऊन गेला, तेव्हापासून तर ते तिच्याशी मोजकंच बोलत होते. "आपल्या घरात कधी पोलीस आला न्हाई," एवढंच म्हणाले होते. त्या दिवशीही त्यांनी मान वर केली नाही. सबिहा दुकानासमोर येरझाऱ्या घालत एकटीच सांगत राहिली.

"कितवी अडकली?" त्यांनी मधेच विचारलं.

"तिसरी."

"दोन्ही येळेस तिसरीच?"

"हाव."

नासिरमियाँनी कानस खाली ठेवली. "मग ते तेलाचं काम न्हाई बेटा. आत काहीतरी झिजलंय. असं कुलूप मी गिऱ्हाइकाच्या हातात देत न्हाई." पुन्हा कानस उचलत म्हणाले, "घाई तुला हाय, त्या लोखंडाला न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात ती बिदरला गेली. धोंडप्पा बसस्टँडवर आधीच येऊन बसले होते. भांडणाचा विषय दोघांनीही काढला नाही.

शरणम्मा जाडजूड, हसऱ्या. रेंजवर त्यांनी आपलं पिस्तूल सबिहाच्या हातात दिलं आणि शेजारी उभ्या राहिल्या. रंग उडालेला, मूठ मोठी, पण घोडा काच तुटावी तसा स्वच्छ सुटत होता. सबिहानं धडाधड पाच गोळ्या मारल्या.

"इष्टु अवसर याक? एवढी घाई कशाला?" शरणम्मा म्हणाल्या. "तीन सेकंद लई असतात ग. हात वर यायला एक, बघायला एक. तिसरं उरतंय की."

सबिहानं आणखी पन्नास मारल्या. एकही अडकली नाही. मात्र मूठ तिच्या हातात फिरत होती. घोड्यापर्यंत बोट नीट पोचत नव्हतं.

"मूठ काय, बदलता येती," धोंडप्पा म्हणाले. "आतलं चांगलं पायजे."

तिनं तेच पिस्तूल घ्यायचं ठरवलं. आठ महिने नाही, चौदा महिने लागले. दोन राज्यांतल्या कचेऱ्यांत तिनं चपला झिजवल्या. त्या वर्षीची राज्य स्पर्धा तिच्याशिवाय झाली. त्या दिवशी तिनं होस्टेलची सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावली आणि मुली गुपचूप खोल्यांत बसून राहिल्या.

पिस्तूल आलं, तेव्हा ती त्याची लाकडी मूठ काढून उदगीरला घेऊन गेली. नासिरमियाँनी बायकोकडून कणकेचा गोळा मागवला. "धर. मारताना धरतेस तशी." सबिहानं धरला. बोटांचे खळगे उठलेला तो गोळा समोर ठेवून त्यांनी शिसवीच्या तुकड्यावर कानस चालवली. पाच दिवस लागले. मधे मधे ते तिचा हात ओढून मापून बघायचे. शेवटी मूठ तिच्या तळव्यात बसली तेव्हा म्हणाले, "पोलीस पुन्हा आला तर सांगीन, ही मूठ मी केलीय."

पुढच्या राज्य स्पर्धेत पहिला, सावकाश नेम धरायचा टप्पा तिचा बिघडला. रेंजमागं कुठंतरी जनरेटर चालू होता आणि तो तिच्या पायांना कळत होता. चार वेळा तिनं हात खाली घेतला, पाचव्यांदा वैतागून गोळी सोडली ती कडेला गेली. तीन सेकंदांच्या टप्प्यात मात्र तिनं तीसपैकी एकही गोळी काळ्याबाहेर जाऊ दिली नाही. पुढच्या फेरीला लागणाऱ्या गुणांत दोन कमी पडले.

धोंडप्पा तिची समजूत घालायला शोधत आले. ती बाकावर बसली नव्हती. रेंजच्या पाठीमागं, त्या जनरेटरला हात लावून उभी होती.

"सर," ती म्हणाली, "असला एक भाड्यानं मिळतो का आपल्याकडं? शेडमागं लावून सराव करते."

धोंडप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. "मिळतो की. पण आधी कुठंतरी बसून च्या पिऊ."

"तुम्ही बसा," सबिहा म्हणाली. "मी उभीच पिते."