बेबीताईंच्या बोर्डावरची मोकळी जागा

देऊळघाटच्या फाट्यावर गाडी आचके देत तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मी तिच्या चाकाला लाथ मारली. बुलढाण्याच्या शाळेत एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे शोभत नाही, मान्य. पण माझा राग असाच आहे. आधी पाय चालतो, मग डोकं. लागलं अर्थात मलाच.

समोर पत्र्याचं शेड होतं. दारात फवारणीचे पंप ओळीनं मांडलेले आणि वर बोर्ड: ‘बेबीताई पंप रिपेरिंग’. सगळी अक्षरं डाव्या बाजूला दाटीवाटीनं कोंबलेली, उजवा अर्धा बोर्ड कोराच. असला कसला रंगारी, असं पुटपुटत मी आत गेलो. पन्नाशीची एक बाई पदर खोचून पंपाचं इंजिन उघडत बसली होती.

“मालक कुठं आहेत?” मी विचारलं.

“वावरात. काऊन, काय काम हाय?”

“मेकॅनिक पाहिजे होता.”

“मंग मालक कायले पाह्यजेत? मीच हाय मेकॅनिक.”

मी ओशाळलो, पण तसं दाखवलं नाही. दसऱ्यापासून तीन आठवडे गाडीनं कसा जीव खाल्लाय ते सांगू लागलो. उभी असली की इंजिनाचा आवाज वरखाली होतो, चढ आला की धाप लागते. राजूर घाटातून दोनदा मागं वळावं लागलं. बुलढाण्यातल्या दोन गॅरेजवाल्यांनी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, आणि शेवटी म्हणाले, गाडीचं वय झालं, भंगारात काढा. मी पेट्रोलपंपवाल्याशी भांडलो. मग बायकोशी, म्हणजे नीरजाशी. तिनं गाडी धुतली होती ना!

बेबीताईंनी शांतपणे हात पुसले. “सर, कार अजून कोणी मले हात लावू देली नाही. बोर्डावरची ती अर्धी जागा सहा वर्षांपासून कारसाठीच ठेवली हाय. आज पाहू द्या. नाही जमलं, तर तिथं पंपाचं चित्र काढून विषय मिटवते.”

कारकुनाला सर म्हणणारी माणसं मला लगेच आवडतात. मी बॉनेट उघडलं.

या बाईंचं शिक्षण मला नंतर कळलं. नवरा अर्जुनराव शेती करणारा. त्यांचा पेट्रोलवरचा पंप नेमका सोयाबीनच्या फवारणीत बंद पडायचा आणि दुरुस्तीला शहरात जाऊन आठ-आठ दिवस अडकायचा. एका दुपारी बेबीताईंनी तो ओसरीवर खोलला. निघेल तो नट, निघेल तो स्क्रू सुपात क्रमानं मांडत गेल्या आणि उलट्या क्रमानं परत बसवला. पंप सुरू झाला. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांचे पंप त्यांच्या दारात. पण चारचाकीवाला थांबला, की पहिलं विचारायचा, मालक कुठं आहेत. माझ्यासारखाच.

त्यांनी मला गाडी सुरू करायला लावली. डोळे मिटून ऐकलं. “हवा जास्त अन् पेट्रोल कमी पडून राह्यलं हिले. आमचा पंप असाच करते. चोक ओढा बरं अर्धा.”

मी ओढला. हवा कोंडताच तीन आठवडे रडणारं इंजिन एकदम सुरात आलं. चोक सोडला, की पुन्हा रडगाणं.

“पाहा! कुठून तरी चोरून हवा घेते हे.”

मग गाडी बंद करून एक प्लग काढून दाखवला. टोक पांढरंफटक. “चांगल्या इंजिनाचा असा नसते. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा दिसते.” मला उगाच भूक लागली.

प्लग बसवून गाडी पुन्हा सुरू केली. त्यांनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं हवेची फुसफुस शोधत इंजिनावरून सावकाश फिरवू लागल्या. पंख्यापासून जपून, इंचाइंचानं. एका जागी थांबल्या. पुन्हा मागं आल्या. पुन्हा तिथंच थांबल्या.

“सर, हे काय हो?”

मी वाकलो. वाळून काळपट झालेला झेंडूचा हार. दसऱ्याला मीच बांधलेला! लोक हार बाहेर बांधतात. मी म्हटलं, गाडीचा जीव तर इंजिनात, मान त्याला द्यावा. जे हाताला लागलं त्याला सुतळीनं घट्ट गाठ मारली होती. ती नेमकी एक बारीक रबरी नळी निघाली. गाठीच्या ओढीनं तिचं टोक फाटून अर्धं निसटलं होतं आणि इंजिन तिथून फुकटची हवा ओढत होतं.

“अन् त्या दोन गॅरेजवाल्यांना दिसलं नाही?” मी विचारलं.

“दिसलं असंन ना. पण पूजेचा हार, कोण हात लावते? बाजूबाजूनं काम केलं असंन त्यायनं.”

बेबीताईंनी स्वतः हात जोडले, हार कात्रीनं कापला, पिंपळाच्या बुडाशी ठेवून आल्या. नळीचं फाटकं टोक छाटलं, चांगलं टोक बसवून वर क्लिप आवळली. शहरातल्यांनी भलतीकडं फिरवलेला कार्बोरेटरचा स्क्रू कानानं ऐकत जागेवर आणला. गाडी सुरू झाली आणि मी चक्क टाळी वाजवली.

“अजून नाही,” त्या म्हणाल्या. “आधी घाट.”

त्या शेजारी बसल्या, हातात पाना घट्ट धरून. राजूर घाटाचा चढ लागला तशी माझीच छाती धडधडायला लागली. ज्या वळणावर गाडी हटकून मरायची ते आलं. बेबीताई श्वास रोखून ऐकत होत्या. गाडी वळली, चढली, पुढच्या वळणालाही चढली. मी आनंदानं हॉर्न वाजवला. “बेबीताई, जिंकलात!” त्या पदरानं तोंड झाकून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

परतल्यावर त्यांनी फळीवरून रंगाचा डबा काढला. माझ्या अक्षराची शाळेत ख्याती होती, हे मी वाटेत चारदा सांगितलं होतंच. शिडीवर चढून मी कोऱ्या जागेत ‘व कार दुरुस्ती’ असं ठसठशीत लिहिलं. आयुष्यात इतक्या सुबक अक्षरात मी काहीच लिहिलं नसेल.

बेबीताई रस्त्यापलीकडं गेल्या. तिथून अनोळखी गाडीवाल्यासारख्या चालत आल्या, बोर्डाखाली थांबल्या, मान वर करून वाचलं आणि आवाज जाड काढून मला म्हणाल्या, “ओ भाऊ, मालक कुठं हायेत?”

मी शिडीवरूनच बोट दाखवलं. “मालक वावरात. मेकॅनिक ह्या.”