धवल्यांचा बॅकअप

संस्कृती टिकवायला यंत्र लागत नाही, निष्ठा लागते. पनवेलमधल्या आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष हे वाक्य प्रत्येक भाषणात म्हणतात. त्या दिवशीही म्हणाले. फक्त समोर टेबलावर, शालीवर, एक नवी हार्ड डिस्क ठेवलेली होती.

उरणकडच्या एका म्हाताऱ्या धवलारणीची गाणी, म्हणजे आगरी लग्नात विधी चालू असताना गायचे धवले, आम्ही वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवले होते. ती वारली. कॉम्प्युटरही त्याच वाटेला लागला होता, चालू केला की कण्हायचा. तिच्या लेकीकडे आईचा आवाज दुसरा कुठेच नव्हता. घरात लग्न होतं, तिथे तो लावायचा म्हणून ती पहिल्या रांगेत येऊन बसली होती.

आदल्याच दिवशी मी बॅकअप घेऊन टाकू म्हणालो होतो. मुहूर्ताआधीच अंतरपाट ओढायला निघालेल्या माणसाकडे पाहावं, तसं अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

नारळ फुटला, भाषणं झाली, मग अध्यक्षांनी केबल उचलली. निळा पोर्ट वेगवान, असं त्यांना दुकानदाराने सांगितलं होतं. तो सीपीयूच्या माथ्यावर होता. केबल आत जाईना. त्यांनी ती उलटी लावून पाहिली, सुलटी लावून पाहिली, डोळे मिटूनही पाहिली. शेवटी माइकवर जाहीर केलं, की परदेशी कंपन्या मुद्दामच आपल्याला न जुळणाऱ्या वस्तू पाठवतात. टाळ्या पडल्या. शेजारचा काळा पोर्ट मी दाखवला. तो जुना, हळू चालणारा. एवढ्या थोर ठेव्याला दुय्यम वाट शोभत नाही, असं त्यांनी मला समजावलं.

तेव्हा ती बाई उठली. "दादा, मंग माजी आय आतच रानार काय? तुमचा मान ऱ्हाऊ द्या बाजूला, त्या काल्यान घाला."

काळ्यात केबल गेली आणि धवले हळूहळू उतरू लागले. तोवर मी मोबाइलच्या उजेडात निळ्या पोर्टात डोकावलो. आत कुंकू लावलेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा अध्यक्षांनीच केली होती, मूठ सैल सोडून.

लग्नात धवले वाजले. दाणा अजून आतच आहे. पूजेची अक्षत उपटून काढू नये, असा कार्यकारिणीने ठराव केला आहे.