म्हादू सुलतानाचा नारळ

"आपल्या देवाचा नारळ उचलणारा तू, आन् सुलतान होतोस? लाज न्हाई वाटत?"

"मग काय होऊ काका? फिरंगी होऊ?"

हे भांडण मी अंगणात कोकमं फोडत बसले होते तेव्हा ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, मध्ये नुसती काट्यांची वई. कान झाकायचे तर हात कोकमानं लाल झालेले.

म्हादू म्हणजे शेजारच्या रुक्माचा एकुलता मुलगा. ओरडणारा महाबळेश्वर, म्हादूचा सख्खा चुलता आणि आमच्या वाडीचा गावकार, म्हणजे प्रमुख. भांडणाचं मूळ एक कॉम्प्युटर. म्हादू गोव्यात कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तसा जुना कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून हा कॅसलरॉकला गाडीतून उतरला. लोक गोव्याहून काजू आणतात, एखादा बायको आणतो. यानं लढाई आणली.

लढाई म्हणजे कॉम्प्युटरमधला खेळ. पडद्यावर जुन्या काळातला मुलूख. एका बाजूला लोखंडाचे कपडे घातलेले, क्रूस मिरवणारे राजे. दुसऱ्या बाजूला वाळवंटातले सुलतान. आपण एक बाजू घ्यायची, शहरं बांधायची, फौज पोसायची आणि दुसऱ्याच्या वेशीवर जाऊन उभं राहायचं. म्हादू दर खेपेला मिसरचा सुलतान व्हायचा. आईनं तांदूळ निवडायला सांगितलं की ऐकू न येणारा हा बाबा कैरोत बसून राज्य हाकायचा. दमास्कस घेतलं त्यानं. स्वतःच्या केळीतली वानरं मात्र त्याला शेवटपर्यंत हाकलता आली नाहीत.

"मराठ्यांची बाजू घे की," गावकार म्हणाला.

"मराठे न्हाईत ह्यात. त्यांच्या आधीचा काळ हाय ह्यो."

"मग त्या दुसऱ्या राजांची घे. राजा तो राजा."

"ते क्रूसवाले हायत, काका. आपली माणसं कुणाच्या भयानं गोवा सोडून ह्या डोंगरात आली? दर शिगम्याला तुमीच सांगता न्हवं?"

खरंच तोच सांगतो. देवाला टोपलीत घातलं, वर भाजीचा पाला झाकला, आणि बायामाणसं घाट चढून आली. सांगताना दर वर्षी डोळे पुसतो. त्या दिवशी डोळे पुसायचे राहून गेले. मग म्हणाला, "ते येगळं."

आमच्या गावकाराचा मुद्दा संपला की हेच दोन शब्द उरतात. उळवीच्या जत्रेला तो दांडेलीच्या इमामसाबाच्या जीपमधून जातो, तेही पुढं, त्याच्या मांडीला मांडी लावून. ते येगळं.

म्हादू तरी सुलतानच का, हे मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "आज्जी, सुलतानाच्या माणसांकडं लोखंड कमी. त्यांनी समोर भिडायचं न्हाई. बाण मारत पळायचं, लोखंडवाल्यांना उन्हात दमवायचं, मग उंट घालायचे. उंटाच्या वासानं घोडा बिथरतो. आपण रानडुकराला न्हाई का दमवत?" मला पटलं. मी आयुष्यभर माझ्या सासूला असंच जिंकलं.

गावकाराला मात्र पटलं नाही. तो रोज समजूत घालायला जायला लागला. सुप्याच्या धरणात आमच्या पाव्हण्यांची गावं बुडाली, पण तिथली वीज आमच्याकडं रुसल्या सुनेसारखी येते आणि जाते. गंमत अशी की, वीज आली की गावकार समजूत घालायला जायचा, वीज गेली की समजूत संपायची.

शिगमा जवळ आला तसं त्यानं नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. देवळीत, म्हणजे आमच्या छोट्या देवळात, शिगम्याला मानाचा पहिला नारळ रुक्माच्या घरचा. नवरा गेल्यावर तो म्हादूच्या हाती आला. रुक्माला शेती थोडी, लेकाचं लग्न नाही. चार बायकांत मान वर करून बसायला तिच्याजवळ तो एक नारळ. गावकार म्हणाला, "सुलतानाच्या हातचा नारळ देवाला चालंल का, कौल लावून विचारू." म्हादूचा मान गेला तर तो सरळ चुलत्याच्याच घरात जाणार होता, हे कुणी बोललं नाही. वाडीत सगळ्यांना मोजता येतं.

आमचा कौल असा: देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पेरणीला, सोयरिकीला आम्ही असंच विचारतो. कॉम्प्युटरचं देवाला पहिल्यांदाच विचारत होते.

"देवा म्हाराजा, ह्या म्हादूचा मान काढावा म्हणतोस तर उजवी दे."

गावकारानं असं गाऱ्हाणं घातलं, पण पाकळी हलेना. रुक्मा खांबाला धरून उभी. पुन्हा विचारलं, तरी हलेना. आमच्यात रीत आहे, देव बोलत नसेल तर त्याला हकीकत पुरती कळलेली नाही, ती सोडवून सांगायची. गावकारानं घसा साफ केला.

"देवा, ह्यो पोरगा मिसरचा सुलतान हुतो. कैरो ह्याचं. दमास्कस ह्यानं घेतलं. आता अँटिओकच्या वेशीत फौज उभी हाय. घेतलेल्या शहरात ह्यो आधी मशीद बांधतो. आता ती बांधल्याबिगर तिथली माणसं बंड करत्यात, ते मलाबी पटलंय, देवा. पण ह्यानं उंट पुढं काढले आन् तिरंदाज मागं ठेवले! मी असतो तर..."

तो थांबला, पण उशीर झाला होता.

रुक्मानं खांब सोडला. "भावजी, उंट कुठं हायत ते तुमास्नी कसं ठाऊक?"

"मी... त्याला समजवायला..."

"समजवायला जाऊन फौज मांडता व्हय?"

म्हादू खाली मान घालून म्हणाला, "दमास्कस काकांनीच घेऊन दिलं. मी त्या दिवशी केळीत हुतो."

देवळी अशी हसली की कौलं हलली. त्या हसण्यात डावी पाकळी पडली. वाऱ्यानं पडली, हसण्यानं पडली की देवानं पाडली, ते देवालाच ठाऊक. पडली ती डावी. गावकार म्हणाला, "ते येगळं," पण तोवर पुजाऱ्यानं शिगम्याचा नारळ म्हादूच्या हातात दिला होता, आणि रुक्मा पदरानं तोंड पुसून बायकांत पुढं जाऊन बसली.

आता सुलतान म्हणजे कोण? वाडीचा हमाल. आठवड्याच्या आठवड्याला स्कूटर घेऊन जोयड्याच्या बाजाराला जाणार, कुणाचं रेशन, कुणाचं रिचार्ज, माझी तंबाखू घेऊन येणार. जो गावकार त्याचा मान काढायला निघाला होता, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्याही म्हादूच आणतो. कौल लावला तोच बाजाराचा दिवस होता. मान राहिला म्हणून तो घरी मिरवत बसला नाही, आणि चुलत्याच्या गोळ्या विसरलाही नाही. नारळ आईच्या ओटीत ठेवून गेला, दिवस कलता परत आला. मला तंबाखू दिली, चुना द्यायला विसरला. तो नेहमीच विसरतो.

चुलत्याचं घर वाडीच्या टोकाला, म्हणून तिथली फेरी शेवटची. गावकार दारात बसला होता, स्कूटर बघून घाईनं आत गेला. म्हादूनं गोळ्यांची पिशवी नेहमीच्या खुंटीला अडकवली, आत बघून हाक मारली, "काका, जेवणानंतर एक," आणि स्कूटर वळवली.