ट्यूबवाल्याच्या बिल्डिंगीतली टाळी

भुताटकीच्या जागा बघत फिरायचं मला खूळ आहे, आणि त्यापायी मी नाशिकहून भिवंडीला गेलो. होय, भिवंडीला. लोक महाबळेश्वरला जातात. पण तिथल्या जुन्या बाजारातल्या ‘ट्यूबवाल्याच्या बिल्डिंगी’बद्दल इतकं ऐकलं होतं की राहवेना. दारूबंदीच्या काळात एक दारूवाला हातभट्टीचा माल टायरच्या ट्यूबांत भरून खाडीतून आणायचा आणि या दुमजली इमारतीत लपवायचा. तो गेला, धंदा गेला, पण वरच्या खिडकीत म्हणे एक बाई अजून दोनदा टाळी वाजवते. टाळी ऐकूनही जो थांबेल, तो अंथरूण धरतो.

वाटेत पडघ्याला मामीकडे जेवायला थांबलो, तिथेच फसलो. मामी सत्तरीची, माहेर भिवंडीजवळच्या दिघाशीचं. कुठे चाललोय ते ऐकलं आणि ताटावरून उठलीच. "मी बी येते." का, ते सांगेना. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी पोटात असताना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

पुढचा रस्ता म्हणजे कर्माचे भोग. गोदामांकडे वळणारे कंटेनर आडवे पडलेले, हॉर्न वाजवून काही उपयोग नाही. अर्ध्या तासाच्या अंतराला दोन तास लागले, आणि तेवढ्यात मामीने तीनदा गाडी थांबवून भाजी घेतली. तुम्ही जाणार असाल तर शुक्रवारी जा, बऱ्याच लूमना, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी असते. गाडी बाजारात घालू नका. मी घातली, आरसा गमावला, मग ती बाहेर लावून निमूट शेअर रिक्षा केली.

आणि इतकं करून दिसलं काय? खाली लूमच्या सुट्या भागांचं दुकान, वर गंजलेला पत्रा, मधे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. मागच्या गल्लीतल्या लूमच्या खडखडाटात भुताने टाळी काय, ढोल वाजवला तरी रस्त्यावर ऐकू येणार नाही. मी कपाळावर हात मारला.

समोरचा चहावाला मात्र तयारीचा होता. "साहब, गूँगी चुड़ैल है. ट्यूबवाले ने मार के दीवार में गाड़ दिया. ताली बजा के बुलाती है."

मामीने ग्लास खाली ठेवला. "कोन चुडैल? माझी मावशी हाय ती. सख्खी."

चहावाला हसला. "अम्मा, पूरे बाजार को मालूम है."

"बाजाराला काय ठावं? मुकी व्हती ती. ट्यूबवाल्यानं तिला खिडकीत बसवलेली, रस्त्यावर नजर ठेवाया. पोलीस दिसला का दोन टाल्या. टाली ऐकली का समदे मागच्या जिन्यानं खाडीकडं पलायचे." मामीचा आवाज चढला होता. "एकदा असंच पलाले, आन् हिला इसरले. पोलिसांनी धरली, मग सोडली. चालत आली दिघाशीला. मना तिनंच वाढवली. माझ्या मांडीवर जीव सोडला तिनं, आमच्या घरात. ती हितं कशाला येईल?"

"अच्छा," चहावाला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून पुन्हा भिंतीत गाडल्याची गोष्ट सुरू केली. मला त्याची मान मुरगळावीशी वाटली.

वरचा मजला दुकानदार लूमच्या जुन्या विजेच्या मोटरी ठेवायला वापरतो. "देख लो, मेरे को टाइम नहीं," म्हणत त्याने किल्ली दिली. मामी गुडघे धरत पुढे चढली. मी अर्ध्या जिन्यात फोटो काढत रेंगाळलो होतो, तेवढ्यात वरून आवाज आला. टाळी. मग दुसरी.

मी पळालो. थेट रस्त्यावर. खिडकीत काहीतरी हललेलं बघून चहावाला माझ्याही पुढे पळत होता, त्याचं दूध उतू जात होतं.

वर बघतो तर खिडकीत मामी, डोक्यावर पदर घेतलेली.

"पलालास ना?" ती ओरडली. "ते बी असंच पलाले!"

मान खाली घालून वर गेलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मामी गजांना धरून उभी होती. "त्या दिसापासून तिनं टाली न्हाय वाजवली रं. आरतीला बी न्हाय. मनात आलं, तिच्या नावानं एकदा आपून वाजवावी."

परतीच्या कोंडीत भाजीसाठी एकदाही थांबायला लागलं नाही. मामी डोळे मिटून बसली होती. ती बडबडली असती तर बरं वाटलं असतं.

नाशिकला पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी आमच्या भुताटकीवाल्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला: ‘भिवंडी की चुड़ैल, दिनदहाड़े’. हलती, धूसर खिडकी आणि त्यात आमची मामी! मी भडकलो. तावातावाने मामीला फोन लावला, म्हटलं तक्रार करतो, काढायला लावतो.

"राहू दे. शेजारनीनं दावला मना," ती म्हणाली. "मी भूत तर मी भूत. त्याच्याखाली मावशीचं नाव लिवता येतं का, तेवढं सांग."

मी लिहिलं. उत्तरादाखल हसणारे चेहरे आले, आणि एकाने विचारलं, हे भुताचं नाव आहे का?

नाही. म्हणून इथे नीट लिहितो. तिचं नाव चांगुणा. राहणार दिघाशी. बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. पळताना कुणी एक हाक मारली असती, तर ती आली असती.